नळकांडं

आमच्या भिंतीवर एक लाल नळकांडं आहे,
पुठ्ठ्याचं, टोकांना पितळी रंगाची झाकणं.
आई ते रोज पुसते.
पाहुण्यांना दाखवते, हातात देत नाही.
"कोलेल्वाची पदवी," म्हणते. "केमिस्ट्री."
हा एक इंग्रजी शब्द तिला येतो,
आणि तो म्हणताना ती पाठ ताठ करते.

आत पदवी नाही.

समारंभाच्या रात्री क्वाभाकाला परतताना
टॅक्सीतले सगळे पेंगले होते, गाऊन गाऊन घसे बसलेले.
मी झाकण उघडलं. आत एक पत्र.
विद्यार्थी क्रमांक. अभिनंदन.
बाकी: एकोणसत्तर हजार चारशे रँड.
ती फिटेपर्यंत प्रमाणपत्र विद्यापीठाकडे राहील.
कोलेल्वानं खिडकीतून नजर न काढता
माझं मनगट धरलं.
मी झाकण लावलं.

आमच्या भाषेत कोलेल्वा म्हणजे माफ केलेली.
नावातला पहिला आवाज अक्षरांत नीट बसत नाही:
घोडा हाकताना गालातून काढतात, तसा.
प्रयोगशाळेतल्या सरांना तो तीन वर्षं जमला नाही.
शेवटी ते तिला क्रमांकानं हाक मारू लागले,
तोच क्रमांक, जो पत्रावर आहे.

बाकी कशी राहिली, तर अशी:
पहिलं वर्ष शिष्यवृत्तीवर निघालं.
दुसऱ्या वर्षी बाबांच्या फुप्फुसांचे पैसे आले.
अठ्ठावीस वर्षं सोन्याच्या खाणीत जी धूळ त्यांनी आत घेतली
तिची भरपाई, एकरकमी.
ऑफिसातल्या बाईंनी फॉर्मवर बोट ठेवलं,
कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेच्या वर.
कोलेल्वा म्हणाली, हे उत्पन्न नाही, हा खोकला आहे.
बाईंनी विचारलं, तसं पत्र आहे का?

ऑगस्टमध्ये बाबा गेले.
शवपेटी, तंबू, एक बैल, दोनशे माणसांचं जेवण.
उत्पन्न संपलं. फॉर्मवर तेवढं राहिलं.

मग हॉस्टेलची खोली सुटली.
ती कपडे धुण्याच्या खोलीत झोपायची,
ड्रायरला पाठ लावून; दुसऱ्यांच्या चादरी सुकत
तोवर ऊब फुकट.
रखवालदार आमच्याच बाजूचा, पहाटे चारला उठवायचा,
"पोरी, सफाईवाल्या यायच्या आत."
वर्गात सगळ्यात आधी तीच.
मेरेडिथ नावाची मुलगी एकदा कौतुकानं म्हणाली,
"मला तुझ्यासारखं लवकर उठायला जमलं असतं तर!"
हे सांगताना कोलेल्वा इतकी हसली
की तिला ठसका लागला. बाबांसारखा.

पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये मुलाखत झाली.
सगळं पसंत पडलं त्यांना.
निघताना म्हणाले, मूळ प्रत तेवढी आणा.

आता ती ईस्ट लंडनला सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसते.
बाटलीबंद पाणी स्कॅन करताना, म्हणते,
मी लेबलवरचे क्षार वाचते. सवय.

या डिसेंबरात भिंतीला रंग द्यायचा म्हणून
मी नळकांडं उतरवलं.
जड लागलं.

आत दहा-दहाच्या नोटा, घट्ट गुंडाळलेल्या,
आईच्या तळलेल्या गोळ्यांच्या तेलाचा वास.
आणि भोवती ते पत्र, घड्यांवर झिजलेलं.
आईला अक्षरं येत नाहीत.
आकडे येतात. रोज संध्याकाळी डब्यातले मोजते ती.

दोन हजार तीनशे दहा.
दोनदा मोजले.

माझ्या खिशात वीसची एक नोट होती, ती आत सारली,
झाकण दाबलं. टक् झालं.
रंग देऊन ते पुन्हा खिळ्यावर लावलं,
किंचित तिरकं, होतं तसं.

रात्री मात्र झोप लागेना.
नोट सुटी करून आणायला हवी होती.
ती फक्त दहाच्याच ठेवते.
तिच्या लक्षात येईल.